बेबाबाईच्या नंबरवरून

बायको, बेबाबाई, जाऊन महिना झाला तरी पितांबरने तिचा फोन बंद केला नव्हता. रोज सकाळी तो चार्जिंगला लावायचा. केळीच्या बागेत जाताना आपला फोन एका खिशात, तिचा दुसऱ्यात. सावद्यात कोणी विचारलंच तर म्हणायचा, "लोकं फोन करतात तिले अजून. उचलाले कोनी पाहिजे ना."

एक दिवस त्या फोनवर तिच्या भजनी मंडळातल्या कुंदाबाईच्या नंबरवरून फाईल आली. नाव होतं 'गंधमुक्ती पत्रिका'. लग्नाला नाही गेलं तर लोक समजून घेतात. पण सुतक फिटतं त्या गंधमुक्तीला जो गेला नाही, त्याला ते वर्षानुवर्षं बोलून दाखवतात. कुंदाबाईकडे कोण गेलं, या काळजीने पितांबरने फाईल दाबली. इन्स्टॉल करायचं? होय. मेसेज वाचू देता? होय. नंबर पाहू देता? होय. तो होय म्हणत गेला आणि पत्रिका काही उघडली नाही.

दुपारपर्यंत तीच फाईल बेबाबाईच्या नंबरवरून साऱ्या नात्यात फिरली. वर तिचा हसरा फोटो. एरंडोलला दिलेल्या लेकीने, नूतनने, ती उघडली आणि तिचं बँकेतलं खातं धुऊन निघालं.

"मला माहीत होतं आप्पा, आई नाही म्हणून," नूतन रडत म्हणाली. "पण आईचं नाव दिसलं. हात थांबलाच नाही."

ते वाक्य पितांबरच्या छातीत रुतून बसलं. पैशाचं त्याने मनावर घेतलं नसतं. पण मेलेल्या बाईच्या हाताने तिच्या लेकीला लुटलं होतं.

जळगावला सायबर पोलिसांत ज्योत्स्नाताई म्हणून हवालदार होत्या. त्यांनी तक्रार लिहून घेतली, बेबाबाईच्या फोनमधलं सिम काढलं, फोटो बाजूला काढून दिले आणि बाकी फोन पुसून टाकला.

"काका, पत्रिका म्हणजे साधा फोटो असतो. जी पत्रिका 'इन्स्टॉल करा' म्हणते ती पत्रिका नसते, चोर असतो. तुमच्या स्वतःच्या फोनवर आली असेल तीही उडवा."

पितांबरने मान हलवली. पण ती फाईल त्याने उडवली नाही.

पुसलेला फोन त्याने बसस्टँडवर उघडून पाहिला. बेबाबाई कोणाशी काय बोलली, कोणावर रुसली, कोणाला लोणच्याची रीत सांगितली, काही उरलं नव्हतं. फोन दुकानातून आणल्यासारखा कोरा होता.

नूतनचे पैसे कोणत्या खात्यात गेले ते बँकेने तिला सांगितलं होतं: भटू मोबाईल, धुळे. ज्योत्स्नाताईंनी बजावलं होतं, "आम्ही बघतो. तुम्ही जाऊ नका." पितांबर दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या एसटीत बसला.

धुळ्याच्या स्टँडबाहेर रिक्षांच्या रांगेला लागून ती टपरी होती. वर पाटी: 'कव्हर, काच, रिचार्ज. व्हायरस काढून मिळेल.' खाली फोन नंबर. आत तिशीतला भटू कोणाच्या तरी फोनला काच चिकटवत होता.

पितांबरने पाटीवरच्या नंबरला आपल्या फोनातली ती फाईल पाठवली. गल्ल्याजवळचा भटूचा फोन वाजला.

"तुमना फोनवर पत्रिका धाडेल शे," पितांबर त्याच्याच बोलीत म्हणाला. "उघडत नही. पाहून द्या."

भटूने आपला फोन उचलून पाहिला आणि पटकन खाली ठेवला. "आबा, उडाई टाका. तेन्हामा व्हायरस शे."

"न उघडता कसं समजलं?"

"नावच सांगी राहिनं ना."

"नाव तं गंधमुक्ती आहे. तुले कसं मालूम, आत काय आहे ते?"

भटू पुन्हा काच पुसू लागला. रिक्षावाले वळून पाहू लागले. एक जण हसत म्हणाला, "भटूभाऊ, डाक्टरच घाबरना का?"

"नूतन माझी पोरगी," पितांबर म्हणाला. "तिचे पैसे तुझ्या खात्यात आलेत. तिच्या मेलेल्या आईच्या नंबरवरून."

भटूचा चेहरा उतरला. "आबा, मी काहीच नई कये. त्यास्नी फक्त मन्हं खातं भाडे लिधं व्हतं. कोण शेत, माले माहीत नई."

"मग घाबरतो काय? पत्रिका उघड."

भटूने फोनकडे हात नेला, पण पितांबरने तो आधी उचलला. एका हाताने भटूची कॉलर धरून दुसऱ्याने त्याने फाईल दाबली. वाट त्याच्या पाठ होती. इन्स्टॉल? होय. मेसेज? होय. नंबर? होय.

"आबा, पाया पडस! त्यामा मन्ही माय शे, बहीण शे, बठ्ठा शेत!"

"तिच्याही फोनात सगळे होते."

कोणी मध्ये पडलं नाही. थोड्या वेळाने फोन वाजला. नाव आलं: माय. भटूने हात जोडले. पितांबरने फोन उचलला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

"भटू, कोण वारनं रे भाऊ? कोणी गंधमुक्ती शे? मी दाबू का ते?" म्हातारीचा आवाज घाबरलेला होता.

तो आवाज बेबाबाईसारखा नव्हता, पण काळजी तीच होती.

"माय, दाबू नका," तो म्हणाला. "कोनी मेलं नाही. मी सावद्याहून पितांबर बोलतो. तुमच्या भटूने आपलं खातं चोरांना दिलं. माझ्या मेलेल्या बायकोच्या नावाने माझी लेक लुटली. म्हनून सांगतो, भटू पाठवेल ते आता कधीच उघडू नका. पत्रिका नाही, फोटो नाही, काहीच नाही."

मग म्हातारी म्हणाली, "भटू तठे शे का?"

"समोर आहे. ऐकू राह्यला."

फोन बंद झाला. भटू टपरीच्या कडेला खाली बसला, दोन्ही हातांत तोंड लपवून. पितांबरने त्याची कॉलर सोडली. आपल्या फोनवरून ज्योत्स्नाताईंना कळवलं, की मी धुळ्यात आहे, माणूस समोर आहे, या. त्या रागावल्या. त्याने ऐकून घेतलं.

भटूचा फोन पुन्हा वाजला. आता बहिणीचं नाव होतं.

पितांबरने टपरीतलं स्टूल ओढलं, त्यावर नीट बसला आणि तोही फोन उचलला.