टॅबिथाच्या खोलीतली शांतता

आमच्या लँकेशायरच्या गावात पहाटे गिरणीची घंटा झाली की बायका धावत सुटत आणि पुरुष कूस बदलत. यंत्रमाग आले, हातमाग बसले. मालकाला बायका स्वस्त पडत. एनॉक हॉलरॉइड हा असाच रिकामा झालेला विणकर. दिवसभर चौकात तो प्रत्येक पुरुषाच्या मताच्या हक्कावर बोलायचा, आणि बोलायचाही झकास.

त्या सोमवारी त्याची बायको केझाया हिने पाच महिन्यांच्या रूथला शालीत गुंडाळलं.

"आज तरी तू सांभाळ ना हिला. टॅबिथामावशीकडे जायला लागल्यापासून दूध ओढत नाही पोर. नुसती झोपते."

"मी? पोर कडेवर घेऊन चौकात उभा राहू? लोक म्हणतील, एनॉकनं झगा घातला!"

"म्हणू देत की."

"जा आता, फाटक लावतील."

गिरणीतल्या बायकांची पोरं सांभाळणाऱ्या टॅबिथाच्या खोलीत सहा तान्ही ओळीने निजलेली असत, चिडीचूप. ती त्यांना पाजायची त्या दुकानातल्या झोपेच्या सरबतात अफू असते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अफू बाटलीच्या तळाशी बसते, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बाटली संपत आली होती. शेवटचा चमचा रूथच्या वाट्याला आला.

दुपारच्या सुट्टीत भरलेली छाती घेऊन केझाया पाजायला धावत आली. रूथ उठली नाही.

डॉक्टरने कागदावर 'अशक्तपणा' लिहिलं. बुधवारी पुरलं. गुरुवारी एनॉक पुन्हा चौकात पिंपावर चढला. याला निर्लज्जपणाशिवाय दुसरं नाव मला सुचत नाही.

केझाया मात्र गिरणीत गेली नाही. ती टॅबिथाकडे गेली आणि तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

"अगं, माझं पोट आहे यावर! दहा वर्षं हेच सरबत पाजतेय, कुणी दगावलं नाही..." म्हातारी मध्येच थांबली.

"दगावली, मावशी."

दोन तासांनी पहिलं बाळ रडलं, मग दुसरं. पाचही जणांनी भुकेने टाहो फोडला. केझायाने चौकावरची खिडकी सताड उघडली. खाली एनॉक गरजत होता, "आपण कुणाचे गुलाम नाही!" पुढचं कुणाला ऐकूच येईना.

"अरे, गप्प करा रे त्या पोरांना!" तो ओरडला.

"गप्पच होती, एनॉक. आपली तर कायमची झाली." केझाया खिडकीतून वाकली. "ज्याचं पोर आहे त्यानं वर यावं आणि घेऊन जावं. हक्काचं मग बोला."

पाचही बाप त्या गर्दीतच होते, पाचही रिकामे. एकानेही पाऊल उचललं नाही, टोप्या चाचपत उभे राहिले.

बऱ्याच वेळाने जिना वाजला. वर आला तो एनॉक. त्याचं तिथे कुणीच नव्हतं.

केझायाने कुणाचं तरी ओलं, किंचाळणारं पोर त्याच्या हातात दिलं.

"मान धर," ती म्हणाली.

त्याला ती कशी धरायची, ते माहीत नव्हतं.