लॅबचे सोळा प्रोसेसर

इस्पितळाचे सर्व्हर ती सांभाळायची आणि तिथल्या लॅबची प्रमुख होती तिची मोठी नणंद. त्यामुळे ऑफिसातली तक्रार ऑफिसात कधी राहायचीच नाही. घरी जेवताना वाढायला घेतलं की तक्रारही पुढे यायची.

"रिपोर्ट उघडायला वीस सेकंद लागतात गं," असं ताईंनी पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा लॅबच्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटातल्या आभासी संगणकाला, चार प्रोसेसर होते. तिने आठ दिले. वीसचे तीस सेकंद झाले. ताईंनी अर्ज लिहून त्यावर थेट संचालकांची सही आणली. तिने मुकाट्याने सोळा दिले. आता दीड मिनिट लागत होतं, आणि आज टेबलावर नवा अर्ज येऊन पडला होता: चोवीस करा.

जिन्याखालच्या खोलीतल्या खऱ्याखुऱ्या सर्व्हरला मुळात प्रोसेसरच चोवीस होते. त्यावर आणखी पाच विभागांची मशीनं संसार करत होती.

अर्ज हातात घेऊन ती तडक लॅबमध्ये गेली.

"ताई, वाढवायचे नाहीत, कमी करायचेत."

"कमी? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"कॅन्टीनमध्ये सोळा जण एकत्रच बसणार म्हणून अडून राहिले, तर सोळा खुर्च्या रिकाम्या होईपर्यंत ताटकळतात. चौघांना पटकन जागा मिळते. तुमच्या मशीनचं तेच झालंय."

"माझ्या लॅबमध्ये कॅन्टीन आणू नकोस."

"वाढवणं चालू मशीनवर जमतं, कमी करायला ते बंद करावं लागतं. दहा मिनिटं द्या. फरक पडला नाही, तर या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. घरीसुद्धा."

'घरीसुद्धा' ऐकून ताई विरघळल्या. दुपारी दीडची वेळ ठरली.

दीडला ताई स्वतः येऊन तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. तिने मशीन बंद केलं, सोळाचे चार केले, पुन्हा चालू केलं. पडद्यावर अक्षरं उमटली: अपडेट सुरू आहे, मशीन बंद करू नका. आकडा सत्तावीस टक्क्यांवर येऊन ठिय्या मारून बसला.

"हे काय आता?"

"सहा महिन्यांचे अपडेट तुंबलेत. मशीन बंद करू दिलंत कधी?"

तेवढ्यात लॅबमधून फोन आला. रांग दारापर्यंत आली होती. नावं हाताने लिहून घेऊ का, असं विचारत होते.

"लिहा!" ताई कडाडल्या, आणि पुढची बावीस मिनिटं घड्याळाकडे आणि तिच्या मानेकडे आळीपाळीने बघत राहिल्या. त्या नजरेने तिची मान भाजून निघाली.

अखेर मशीन उठलं. तिने रिपोर्टवर क्लिक केलं. अठरा सेकंद.

ताईंनी दुसरा उघडायला लावला, मग तिसरा. अठरा, सतरा. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या,

"पण आधी चारच होते ना? मग सोळा केले कुणी?"

ताईंच्या गोलगोल सहीचे दोन्ही अर्ज तिच्या खणात होते. तिचा हात खणाकडे गेलासुद्धा. पण रात्री दोघींना एकाच टेबलावर जेवायचं होतं.

"मीच केले, ताई," ती दातओठ खात म्हणाली.

"तरी बरं, मी मागे लागले," म्हणत ताई गेल्या.

दार लागतं न लागतं तोच एक्स-रे विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. "लॅबचं मशीन पळायला लागलं म्हणे! किती वाढवलेत? आम्हालाही तेवढेच वाढवून द्या."

तिने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला.

"सर, तुमचं मशीन बंद कधी करता येईल, तेवढं आधी सांगा."