ओरखड्यावरची परीक्षा

“बाबा, तुम्हाला ते जुने बँड आवडत नाहीत, तुमची कॉलेजची वर्षं आवडतात! म्हणून टिकलेत ते.”

“असं? मग तुझ्या ऑफिसातली पोरं त्यांचे टी-शर्ट घालून का हिंडतात? ती होती का माझ्या वर्गात?”

“त्यातल्या निम्म्यांना तो कपड्यांचा ब्रँड वाटतो.”

मी तबकडी बोलतेय. नारायण पेठेत, रझियाआपांच्या दुरुस्तीच्या दुकानात हे भांडण माझ्यावरूनच चाललं होतं. बद्रीनाथ आपला बंद पडलेला रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले होते. मुलगी सृष्टी हिंजवडीच्या ऑफिसातून सुट्टी काढून त्यांना गाडीतून घेऊन आलेली. आणि दोघांनाही मी हवी होते. बद्रीनाथांना घरच्या काचेच्या कपाटात ठेवायला, तिला ऑफिसात ‘जुन्या बँडची भिंत’ सजवायला. म्हणजे एक मला कोंडणार, दुसरी खिळ्याला टांगणार. वाजवायचं कुणाच्याच मनात नाही. आणि वाद कशाचा, तर माझ्यासारख्या अजून का टिकल्या याचा!

मला विचारा ना.

मी जन्मले तेव्हा काळ्या गरम लगद्याचा गोळा होते. दोन साच्यांत दाबलं आणि कुठल्याशा परदेशी चार पोरांची गाणी अंगावर उमटली. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. मधला कागद पुसून पुसून कोरा झालाय. पहिला मालक लष्करातला. बदली झाली तसं त्याने मला बिघडलेल्या प्लेअरसकट जुन्या बाजारात सोडलं. तिथून रझियाआपांनी उचललं.

आपांना तेव्हा दुरुस्ती येत नव्हती आणि शिकवायला कुणी तयार नव्हतं. बाईमाणसाचं काम नाही, म्हणे. त्यांनी तोच प्लेअर खोलला, जोडला, पुन्हा खोलला, आणि पहिल्याच दिवशी सुईचा दांडा माझ्यावर आपटला. तिसऱ्या गाण्यावर हा एवढा ओरखडा! मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. पण बाई हुशार. तेव्हापासून प्रत्येक दुरुस्त प्लेअरवर त्या मलाच लावतात. सुई ओरखड्यावरून उडी न मारता गेली तर काम पास. उडाली तर पुन्हा खोला. निम्म्या पेठांतले प्लेअर माझ्या परीक्षेतून गेलेत. मराठीही मी इथेच शिकले, गिऱ्हाइकांची भांडणं ऐकून. त्यामुळे मी गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

मधे वाईट दिवस आले. कॅसेट आली, सीडी आली, मोबाइल आला. पंधरा वर्षं मी दुरुस्तीच्या मिक्सरांमागे धूळ खाल्ली. मग हीच नवी पिढी आजोबांचे प्लेअर उचलून आणू लागली, आणि मी पुन्हा फिरू लागले.

त्या दिवशीही फिरले. आपांनी प्लेअरला नवा पट्टा बसवला, मला ठेवलं, तिसऱ्या गाण्यावर सुई टेकवली. मिनिटाला तेहतीस फेऱ्या, आणि दर फेरीत मला सगळे दिसतात. बद्रीनाथांनी डोळे मिटलेले. सृष्टीचा पाय ठेका धरत होता, तिचं लक्षही नव्हतं. ती तर काही त्यांच्या कॉलेजात नव्हती! ओरखडा आला. सुई अलगद पार. चार मिनिटं दुकानात कुणी भांडलं नाही.

गाणं संपलं, भांडण सुरू.

“बघितलंस? अमर आहे हे! काचेतच हवं.”

“काचेत कोण बघणार, बाबा? आमच्याकडे रोज चारशे माणसं बघतील.”

दोघांचे हात माझ्या कडेला. धरायचंच होतं तर बोटं तरी पुसायची!

अहो, मी टिकले ती वाजत राहिले म्हणून. मला कोंडू नका, टांगू नका. झिजायचंच आहे, तर वाजता वाजता झिजू द्या. एवढंच मागणं होतं; पण माझा आवाज सुईखालीच फुटतो, आणि सुई तर उचललेली.

बोलल्या त्या आपा. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी मला दोघांच्या हातांतून शांतपणे काढून घेतलं आणि म्हणाल्या, “न्या की, पण पुढच्या वेळी प्लेअर बिघडला, तर तो बरा झाला की नाही हे मी काय तुमच्या कपाटावर वाजवून बघू, की हिच्या भिंतीवर?”