रोजाबाईचं जाकीट

"हात वर. आता दुसरा. अगं, श्वास सोड की गं बाई! पोट आत ओढून माप देतेस होय?"

गुंडोअण्णा हे एका काकाकुवाला सांगत होते. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि मांडीवर रोझी नावाची ती पांढरी पाखरीण. पांढरी म्हणायची आपली. गळ्यापासून पोटापर्यंत एक पीस नव्हतं. स्वतःच्या चोचीनं तिनं स्वतःला सोलून काढलं होतं.

"अण्णा, तिला पंख आहेत, हात नाहीत," मी दारातून म्हटलं.

"चाळीस वर्षं कब्बनपेटातल्या दुकानात बायकांचे ब्लाऊज शिवले, हेमक्का. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते मला शिकवू नका. हात म्हटलं की उचलते ती. बघा."

आणि खरंच तिनं पंख उचलला. कपाळ माझं!

ही गोष्ट शहाण्णव सालची. शहराबाहेर, येलहंक्याच्या पुढे, निलगिरीच्या झाडांत आमचं केंद्र होतं. लोक हौसेनं परदेशी प्राणी आणायचे आणि हौस फिटली की टाकून द्यायचे. असे टाकलेले सगळे आमच्याकडे. सर्कशीतून आलेला अजगर, कुणाच्या तरी गच्चीवर सापडलेला इग्वाना, बादलीभर कासवं. दर गुरुवारी शाळेची मुलं यायची आणि आमच्या मुख्य, वसुमतीबाई, त्यांना प्राण्यांची माहिती सांगायच्या. मी ऑफिसात. फोन, रजिस्टर आणि सगळ्यांच्या चौकशा, एवढं माझं काम.

गुंडोअण्णा आले ते पिंजऱ्यांना पडदे शिवायला. तयार कपड्यांपुढे त्यांचं दुकान बसलं होतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. आठ दिवसांचं काम होतं, पण माणूस राहिला तो राहिलाच. मशीनही इथेच आणलं. सहासष्टाव्या वर्षी चष्मा न लावता पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवायचे आणि कुणी मदतीला हात पुढे केला तर अपमान झाल्यासारखं बघायचे.

रोझी संक्रांतीच्या सुमारास आली. तिची मालकीण वारली आणि पोरांनी तिला खोक्यात घालून आमच्या फाटकाशी ठेवली. त्यात आमच्या डोक्यावरून हवाई दलाची विमानं जायची. विमान गेलं की ही पिसं उपटायला लागायची, रक्त येईपर्यंत. डॉ. वेणुगोपाल महिन्यातून एकदा यायचे. ते म्हणाले, चोच अंगाला पोचू नये म्हणून गळ्यात कडं घालावं लागेल. अण्णा म्हणाले, "कडं कशाला? बाईमाणूस आहे. जाकीट शिवतो की."

पहिलं जाकीट तिनं एका दुपारात फाडलं. दुसऱ्याची बटणं खाल्ली. पाचव्याला अण्णांनी बटणं पाठीवर घेतली, चोच पोचणार नाही अशी. सहावं, निळ्या चौकड्यांचं, टिकलं. मग त्याचीच जोडी शिवली. अण्णा तिला रोजाबाई म्हणायचे, आणि सकाळी त्यांची सायकल फाटकात आली की ती आतून अशी किंचाळायची की अजगरसुद्धा मान वर करायचा.

तिच्यासाठी जागाही ठरली होती. म्हैसूरजवळ एका मोठ्या पक्षीघरात एकटा काकाकुवा नर होता. हिची पिसं आली आणि जाकिटाशिवाय तीन आठवडे राहिली की तिला तिकडे पाठवायचं. मात्र गणपतीपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरी मादी आणतो, असं त्यांचं पत्र होतं. मी ते अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणाले आणि मशीन चालवत राहिले.

ऑगस्ट लागला तरी पिसांचं नाव नाही, असं अण्णा सांगायचे; जाकीट बदलायचे तेही तेच. डॉक्टर आले की अण्णा पुढे होऊन सांगायचे, "आत्ता कुठं स्वल्प शांत झालीय. जाकीट काढाल तर पुन्हा घाबरंल." अण्णांच्या शब्दावर कोण अविश्वास दाखवणार? आम्ही सगळेच हळहळत होतो.

एक दिवस भुरभुर सुरू झाली म्हणून मी तारेवरचे कपडे काढले. त्यात रोजाबाईचं धुतलेलं जाकीट होतं. घडी घालताना हात थांबला. मी शिंप्याची मुलगी. बाजूच्या शिवणीच्या आत सुईच्या भोकांची एक जुनी ओळ होती. आणि तिच्या आत आणखी एक. म्हणजे जाकीट दोनदा उसवून सैल केलं होतं. अंगानं वाढली असेल म्हणावं, तर दर सोमवारी तिचं वजन मीच रजिस्टरात लिहायची आणि ते तेवढंच होतं. मग छाती कशानं भरली? कळलं तशी मी तडक अण्णांच्या खोलीत गेले.

"अण्णा, रोजाबाई जाड झाली का हो?"

"नाही की."

"मग हे दोनदा कशाला सोडलंत?"

त्यांनी मशीनचं चाक तळहातानं थांबवलं.

"तुमचे वडील चांगले कारागीर असणार," ते म्हणाले.

"विषय बदलू नका. पिसं कधी आली?"

"दीड महिना झाला."

"अय्यो, अण्णा! लाज नाही वाटत? कापडाखाली नवी पिसं मोडतील त्या मुक्या जिवाची!"

"नाही मोडत. आतून रेशमाचं अस्तर लावलंय." आणि मग खाली बघून म्हणाले, "घरी गेलो की मी कुलूप काढतो, हेमक्का. सकाळी मीच लावलेलं. इथं आलो की ही ओरडते. माझ्या येण्यानं कुणी ओरडावं, असं दुसरं कोण राहिलंय मला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. खोटं कशाला सांगू, मी पदर डोळ्यांना लावला. पण बोलायचं ते बोललेच.

"ती अजून तीस-चाळीस वर्षं जगेल, अण्णा. तुम्ही किती?"

ते गळ्यातला टेप काढून गुंडाळायला लागले.

"मी कुणाला सांगणार नाही. तुम्हीच सांगा. गुरुवारपर्यंत."

गुरुवारी तीसेक मुलं आली होती. वसुमतीबाई सांगत होत्या की हा पक्षी दुःखी आहे, म्हणून त्याला जाकीट घालावं लागतं. अण्णा रोजाबाईला हातावर घेऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"बाई, मी जरा बोलू?" ते म्हणाले. मग मुलांना कन्नडमध्ये, आणि मध्येच बाईंकडे बघत मराठीत म्हणाले, "हिला आता याची गरज नाही. मला गरज होती, म्हणून मी घालून ठेवलं. चूक माझी आहे."

त्यांनी पाठीवरची तिन्ही बटणं काढली. आत पांढरीशुभ्र, भरलेली छाती होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि नेमकं तेव्हाच विमान आलं, अगदी डोक्यावरून. मुलांनी कान झाकले. रोजाबाईची चोच छातीकडे गेली. मी देवाचं नाव घेतलं. तिनं एक पीस चोचीत धरलं, टोकापर्यंत विंचरलं, सोडून दिलं. मग डोकं अण्णांच्या काखेत खुपसलं.

"डॉक्टरांना फोन लावा," वसुमतीबाई मला एवढंच म्हणाल्या. नंतर ऑफिसात त्यांनी अण्णांना चांगलं फैलावर घेतलं. घ्यायलाच हवं होतं. अण्णांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. "यापुढं असं होणार नाही," म्हणाले.

तीन आठवडे ती उघडी राहिली, एक पीस उपटलं नाही. म्हैसूरची गाडी आली त्या सकाळी अण्णांनी तिला स्वतः पिंजऱ्यात बसवलं. "हात वर," म्हणाले, तिनं पंख उचलला, आणि त्यांनी तिच्या पायाशी पेरूची फोड ठेवली. जाकीट घडी करून ड्रायव्हरच्या हातात दिलं. "थंडी वाजली तर असू द्या." गाडी वळेपर्यंत तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

दिवाळीनंतर म्हैसूरहून पुडकं आलं. आत ते निळ्या चौकड्यांचं जाकीट, धुऊन, आणि इंग्रजीत चिठ्ठी. अण्णा माकडांसाठी झोळी शिवायला बसले होते. मी तिथंच उभी राहून सांगितलं, "लिहिलंय, लागलं नाही म्हणून परत पाठवतोय. दोघं एकाच फांदीवर बसतात."

"पिसं?"

"सगळी आहेत."

"पुन्हा एकदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी जाकीट हातात घेतलं, पाठीवरची बटणं एकेक चाचपून पाहिली. तिन्ही होती. "सरी," म्हणाले, आणि ते मशीनच्या खणात ठेवून त्यांनी सुई उचलली. दोरा ओला केला. गेला नाही. टोक कापून पुन्हा प्रयत्न केला. गेला नाही. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

थोड्या वेळानं त्यांनी सुई आणि दोरा, दोन्ही माझ्यापुढे धरलं.