शिशावाचून

आमचा दादा भट्टीवर फार सुंदर बोलतो. भट्टीजवळ तो किती बसला, ते मला विचारा. आमचे वडील चांदी गाळायचे, मोडक्या भांड्यांची, तुटक्या दागिन्यांची, आणि भाता ओढायला आम्ही दोघं भावंडं. दादाला खोकला यायचा, तोही नेमका भात्याचा दांडा हातात घेतल्यावर. शिशाचा धूर सोसत नाही म्हणून तो शास्त्र शिकायला गेला आणि पाळक होऊन परत आला. मी भट्टी सांभाळली. तेव्हापासून दर रविवारी तो चर्चमध्ये ज्या आगीचं वर्णन करतो, ती आग माझी असते.

त्याचा आवडता उतारा यिर्मया संदेष्ट्याचा. भाता फुंकून फुंकून करपला, शिसं आगीत संपलं, गाळणाऱ्याने जिवाचं रान केलं, तरी मळ म्हणून सुटला नाही. अशा लोकांना मग टाकाऊ रुपं, म्हणजे फेकून द्यायची चांदी, म्हणायचं. मंडळीत कुणाचं पाऊल वाकडं पडलं की दादा हा उतारा काढतो. पिणारा सुतार, सासूशी भांडणारी शिंपीण, प्रार्थनेत डुलक्या घेणारा शाळामास्तर, सगळे त्याच्या हातून एकेकदा टाकाऊ रुपं होऊन गेले आहेत. स्वतः तो गाळणारा. त्याला ही नेमणूक कुणी दिली, देव जाणे.

या खेपेला पाळी त्याच्या पोटच्या पोरीची होती. माझी भाची नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली, तेव्हा तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. नवरा चर्चमधल्या गाणाऱ्यांचा प्रमुख. गळा असा की म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात. घरी हाच माणूस चहा निवला म्हणून बायकोला दारावर आपटायचा. माझ्याकडे येण्याआधी भाचीने बापाला हे सगळं सांगितलं होतं. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, "आगीतूनच माणूस उजळतं, बाळा," म्हणाला, आणि स्वतः तिला नवऱ्याच्या दारात सोडून आला. ती पुन्हा आली, त्याने पुन्हा सोडलं. त्यानंतर ती बापाकडे गेलीच नाही. मला हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मंडळीचा निरोप आला. नवऱ्याकडे परत जा, नाहीतर नाव काढून टाकू. नाव गेलं की प्रभुभोजन नाही, रविवारच्या शाळेत ती शिकवायची ती मुलं नाहीत, आणि मेल्यावर चर्चच्या आवारात आईच्या कबरीशेजारी जागाही नाही. बाकी सगळं तिने ऐकून घेतलं. आईजवळच्या जागेचं ऐकल्यावर मात्र ती न जेवता झोपली.

एवढ्यावर दादाचं समाधान होईना. जावयाने प्रभुभोजनाच्या नव्या पेल्यासाठी चांदीचे दोन जुने मेणबत्ती-स्टँड चर्चला दिले होते. ते माझ्या अंगणात सगळ्या मंडळीसमोर गाळायचे, भाता भाचीने ओढायचा. चांदी उजळली की गाळणाऱ्याला तिच्यात आपला चेहरा दिसतो. नेमक्या त्या घडीला दादा पोरीला विचारणार, जातेस की नाही?

"जिवंत उपदेश होईल," तो म्हणाला.

"त्यापेक्षा नाटक कंपनी काढ," मी म्हटलं.

पण भाचीनेच मला कोपऱ्यात नेलं. "आत्या, हो म्हण. तोंडावर विचारू दे त्यांना. मलाही तोंडावर सांगायचंय."

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चची बाकडी उचलून माझ्या अंगणात आणली. जावई पहिल्या बाकावर, पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, चेहऱ्यावर दुखावलेल्या सज्जनाचा भाव. मी भट्टी पेटवली, हाडांच्या राखेची उथळ वाटी आत बसवली आणि शिशाची वडी काढली.

"ते बाजूला ठेव," दादा म्हणाला.

"का?"

"धूर होतो. लोक चांगल्या कपड्यांत आलेत. आणि मला खोकला येईल. बोलायचंय मला."

"दादा, शिशाशिवाय मळ निघणार कसा? शिसं मळाला आपल्यात ओढून घेतं, त्याला घेऊन राखेत जिरतं, तेव्हा कुठे चांदी मोकळी होते. नुसत्या आगीने ती फक्त तापेल. तुला काय सांगायचं, तूही याच घरचा."

"आग पुरेशी आहे. संदेष्ट्याने आगच सांगितलीय."

"शिसंही सांगितलंय त्याने. दर रविवारी वाचतोस की!"

मी विनोद केल्यासारखा तो लोकांकडे बघून हसला. लोकही हसले; पाळक हसले की हसायची त्यांना सवय आहे. मी वडी ऐरणीवर सर्वांना दिसेल अशी ठेवली आणि गप्प बसले. अडून बसता आलं असतं मला. नाही बसले. त्याला आग हवी होती ना, घे म्हटलं आग.

भाची उजव्या हाताने भाता ओढू लागली. चांदी वितळली. दादा रंगात आला. देव कसा तापवतो, माणूस कसा चरफडतो, सोसणाऱ्याचं कसं सोनं होतं, सगळं झालं. "आणि आता," हात वर करून तो म्हणाला, "आता पाहा!"

आम्ही पाहिलं. चांदीवर काळपट साय धरली होती. मी ती सळईने बाजूला सारली, पुन्हा धरली.

"जोरात ओढ," दादा म्हणाला. भाचीने जोर केला. साय आणखी जाड झाली. दादा वाकला, डोळे बारीक केले, चेहरा शोधू लागला. बाकावरची मुलं खुसखुसली. शिंपिणीने खोकल्याचं निमित्त करून पदरात तोंड लपवलं. मी तिच्याकडे पाहिलं असतं तर मलाही हसू आवरलं नसतं.

"चांदीच खराब आहे," शेवटी दादा म्हणाला.

"जावयाची आहे," मी म्हटलं.

जावयाने बुटांकडे पाहिलं. दादाचा चेहरा लालबुंद झाला, आणि मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. तो पोरीकडे वळला. "जातेस की नाही?"

"नाही, बाबा. तो मला मारतो. तुम्हाला ठाऊक आहे."

पहिला दगड टाकायला जे नेहमी पुढे असतात, तेही बाकाला चिकटून बसले. आणि माझ्या भावाने, भट्टीच्या घरात वाढलेल्या त्या शहाण्याने, शिसं ऐरणीवर पडलेलं असताना, काळी साय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असताना, बोट पोरीकडे केलं आणि म्हणाला, "टाकाऊ रुपं."

मंडळीने आमेन म्हटलं. हळू म्हटलं, पण म्हटलं. भाचीने भाता सोडला आणि ती घरात गेली. त्या आमेनची मला आजही किळस येते.

पेला त्यांनी दुसऱ्या कारागिराकडून त्याच धातूचा घडवून घेतला. थोड्याच दिवसांत तो काळा पडू लागला. राखेने घासा, लिंबाने घासा, पुढच्या रविवारी पुन्हा काळा. हा मंडळीच्या पापांचा डाग आहे, असं दादाने सांगून पाहिलं. पण लोक पेला तोंडाला लावताना नाक मुरडू लागले, तेव्हा एका दुपारी तो आमच्या मागच्या दाराने आत आला. पेला रुमालात गुंडाळलेला.

"पुन्हा गाळून दे," तो मला म्हणाला. "शिसं हवं तेवढं घाल."

मी काही बोलायच्या आत भाचीने शिशाची वडी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"घालते, बाबा. फक्त येत्या रविवारी उभं राहून एवढंच सांगा, मुलगी माझ्याकडे आली होती, मला सगळं ठाऊक होतं, आणि मीच तिला परत नेऊन सोडलं."

"अगं, लोक काय म्हणतील मला?"

"मळ कुणीतरी अंगावर घ्यायला हवा ना? आतापर्यंत सगळा माझ्याच अंगावर आहे. तुम्ही बोललात तर मला माझं नाव परत मिळेल. आईशेजारची जागा मिळेल."

दादाने वडीकडे पाहिलं. त्याचा हात पुढे आला, बोटं वडीला लागली. मला क्षणभर खरंच वाटलं की तो ती उचलणार. बहीण आहे ना मी, तेवढी मूर्ख असणारच.

त्याने हात मागे घेतला, पेला पुन्हा रुमालात गुंडाळला. "रविवारी लागेल," एवढंच पुटपुटला. दाराशी पोहोचल्यावर त्याला खोकल्याची जोराची उबळ आली, अगदी लहानपणीसारखी. भाची पाणी आणायला उठली, मी तिला बसवलं. त्या दिवशी आमची भट्टी पेटलेलीही नव्हती.