देवाच्या बुटातून वाचलेली विजार

ऐन उन्हाळ्यात, गवत कापायच्या दिवसांत, सलग दुसऱ्या वर्षी बर्फ पडला, तेव्हा उत्तरेकडच्या त्या बेटावरच्या खाडीकाठच्या लोकांची खात्रीच पटली की जगबुडी आली. ग्लूम चांभाराला मात्र तेवढी धास्ती नव्हती. त्याच्याकडे विजार होती.

त्या विजारीची गंमत अशी. बूट कापताना टाचेचे आणि चवड्याचे जे तुकडे उरतात, ते बाहेर फेकायचे, असा तिथला रिवाज. ते विदार देवाला पोचतात. जगाच्या शेवटच्या दिवशी फेनरीर लांडगा देवांच्या राजाला, ओडिनला, गिळणार, मग ओडिनचा हा मुलगा त्या लांडग्याच्या जबड्यात पाय रोवून त्याचं तोंड फाडणार. त्यासाठी जाड बूट हवा, आणि तो या तुकड्यांचाच. ग्लूमच्या आज्यानं तुकडे फेकले, बापानं फेकले. "एवढ्यात बूट सोड, देवाचं तारू झालं असतं," असं म्हणून ग्लूमच्या बायकोनं, योरुननं, ते साठवायला सुरुवात केली. चार हिवाळे खपून तिनं नवऱ्याला त्या तुकड्यांची विजार शिवली. वारा आत शिरत नव्हता. वर लांब अंगरखा असल्यानं कुणाला दिसतही नव्हती.

जगबुडीवर सभा भरली, उताराखालच्या उघड्या तंबूत. ग्लूम उशिरा निघाला, उतारावर घसरला आणि अंगरखा डोक्यावर घेऊन थेट सभेच्या मधोमध येऊन थांबला.

"हा तुकडा माझ्या तांबड्या गाईचा," अलोफ नावाची विधवा त्याच्या मांडीवर बोट ठेवून म्हणाली.

"आणि हा मी मारलेल्या सीलचा," मागून कुणीतरी म्हणालं.

खाडीचा पुढारी हाफ्लिदी. पुजारीही तोच, त्यामुळे त्याला कुणाला विचारावं लागत नसे. "सूर्य फिका का पडला ते कळलं," तो म्हणाला. "देव तिकडे अनवाणी, आणि हा इकडे विजार घालून. आता भाऊ भावाच्या जिवावर उठला की जगबुडीच्या सगळ्या खुणा पुऱ्या."

"ते आमच्या खाडीत नाही व्हायचं," काल्फ म्हणाला. त्याच्या भावानं, ह्रूटनं, मान डोलावली. दोघं लहानपणापासून एकाच चमच्यानं जेवत.

"काढ विजार," हाफ्लिदी म्हणाला.

ग्लूमकडे दुसरी विजार नव्हती. उघड्या पायांनी या थंडीत मासेमारीला जायचं म्हणजे लांडग्याची वाट बघायची गरजच नव्हती.

"पुढारी, एक विचारू? देव जबड्यात पाय किती घालणार?"

"एक."

"मग एक तंगडी घ्या. दुसरी मला राहू द्या."

मग अलोफनं विचारलं, "पण पाय कुठला?"

"उजवा," काल्फ म्हणाला.

"डावा," ह्रूट म्हणाला.

"डाव्यानं तोल जाईल त्याचा."

"तू कधी लांडगा फाडलायस?"

"तू बघितलायस तरी? आपल्या बेटावर एक लांडगा नाही."

"म्हणून काय उजवा?"

हाफ्लिदीला धीर नव्हता. त्यानं सुरी काढली आणि ग्लूमच्या पायातच असलेल्या विजारीची डावी तंगडी मांडीपासून कापून घेतली. ह्रूट हसला. काल्फच्या हातात वाळका कॉड मासा होता, लाकडासारखा टणक. तो त्यानं भावाच्या कानाखाली हाणला. ह्रूटनं तंबूची काठी उपटली. अर्धा तंबू सभेवर आला, आणि आतून डाव्यांचा आणि उजव्यांचा आवाज येत राहिला.

हाफ्लिदीचा चेहरा पांढरा पडला. भाऊ भावावर उठला होता, आणि तेही त्याच्या सभेत, त्याच्याच सुरीमुळे.

"याची तंगडी याला परत द्या," तो ओरडला. "पायाचं नाव कुणी काढायचं नाही. कुठल्याच."

जग त्या दिवशी बुडालं नाही. ग्लूम एक पाय निळा करून घरी गेला.

तीन दिवसांनी हाफ्लिदी नवे बूट करून घ्यायला कातडं घेऊन आला. योरुन कोपऱ्यात तंगडी जोडत बसली होती. सुरीनं काप वाकडा गेल्यामुळे मांडीवर चार बोटांची फट राहत होती. ग्लूमनं बूट कापले, टाचेचे आणि चवड्याचे तुकडे उचलले आणि पुढाऱ्यादेखत दाराकडे निघाला. योरुननं मान वर न करता नुसता हात पुढे केला.

ग्लूमनं हाफ्लिदीकडे बघितलं. हाफ्लिदीनं छपराकडे बघितलं. छपरातून बर्फाचं पाणी टपकत होतं. ग्लूमनं तुकडे बायकोच्या हातावर ठेवले.

मग हाफ्लिदीनं अंगरखा गुडघ्यांवर ओढून घेतला.

"यापुढे निघतील त्या तुकड्यांत," तो म्हणाला, "माझ्या मापाची एक होईल का गं?"

"कुठल्या पायाची?" योरुननं विचारलं.

"दोन्ही," पुढारी म्हणाला.