मागच्या दिव्याचा चटका

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने गरीब वगैरे मुळीच नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी डूख धरणारा दिवा आहे. एका माणसावर मी डूख धरला, वाट पाहिली आणि उट्टे काढले. ते कसे काढले, तेच आज सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका कारागिराने पत्रा ठोकून ठोकून मला खोल वाडग्याचा आकार दिला, बाहेरून काळा रंग फासला आणि आतून चकचकीत केले. माझ्या जोडीने हुबेहूब माझ्यासारखा आणखी एक दिवा घडला. आम्हा दोघांना एकाच खोक्यात भुशात झोपवून ताईकडे पाठवले.

ताई म्हणजे आमची मालकीण. ती फोटो काढायची. घराची रस्त्याकडची खोली हाच तिचा स्टुडिओ. खोलीच्या एका टोकाला छताजवळच्या दांडीवरून रुंद पांढरा कागद खाली उतरायचा आणि जमिनीवर वळून पुढे पसरायचा. भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली, ते फोटोत कळायचे नाही. माणूस नुसत्या पांढऱ्यात बसल्यासारखा दिसायचा. असा फोटो काढून घ्यायला लोक लांबून ताईकडे येत.

तुम्हाला वाटेल, कागद पांढरा आहे, मग फोटोतही तो पांढराच येणार. साफ चूक! सगळा उजेड माणसावर टाकला आणि कागदाला तसेच सोडले, तर तो फोटोत धुण्याच्या साबणाच्या पाण्यासारखा मळका दिसतो. पांढऱ्याला पांढरे दिसायला स्वतःचा उजेड लागतो. तो उजेड आम्ही द्यायचो. कागदाच्या डावीकडे माझा जोडीदार, उजवीकडे मी. आमचा उजेड बसणाऱ्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून ताई आमच्या बाजूला काळे पुठ्ठे उभे करी आणि खुर्ची कागदापासून चांगली लांब ओढी. आमचा उजेड कमी पडला तर पडदा मळका. जास्त झाला, किंवा माणूस पडद्याला चिकटून बसला, तर तोच उजेड मागून येऊन त्याच्या कडा खातो. केस विरघळतात आणि कान लालभडक होतात. मित्रांनो, हे कान लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

फोटो पाहून लोक म्हणत, "चेहरा काय छान आलाय!" कौतुक सगळे पुढच्या दिव्यांच्या वाट्याला. आम्ही काम चोख केले की आम्ही कुठे आहोत हेच कुणाला दिसत नसे. पण ताईला आमची किंमत होती. ती आम्हाला 'मागचे माझे दोघे' म्हणायची. आमचे बल्ब मोठे होते आणि जळताना सणसणीत तापायचे. काम संपले की ते पूर्ण निवेपर्यंत ती आम्हाला हात लावत नसे, आणि घाईच असली तर खिळ्याला टांगलेला जाड हातमोजा घालून मगच बल्ब काढी. तो हातमोजाही लक्षात ठेवा.

आता बारक्याकडे वळू. बारक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण पोट असे की दारातून आधी ते आत यायचे आणि मग तो. घराच्या मागच्या खोल्यांत तो राहायचा आणि लोकांना जागा भाड्याने मिळवून द्यायची दलाली करायचा. डोक्यावर मोजके केस उरले होते. ते एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत त्याने असे बसवले होते की वाऱ्याच्या दिवशी तो बाहेरच पडत नसे.

ताईच्या खोलीवर त्याचा डोळा होता.

"ताई, या खोलीला रस्त्यावर दार आहे," तो एकदा म्हणाला. "इथे माझं ऑफिस काय शोभून दिसेल, सांग!"

"आणि मी कुठे जाऊ?"

"तू आता आराम कर."

"आराम करायला मी काय आजारी आहे?" असे म्हणून ताईने कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

जाता जाता बारक्याने आपला ओला रेनकोट माझ्या डोक्यावर टांगला. रात्रभर माझ्यातून पाणी ठिबकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दिवशी मी त्याला मनात लिहून ठेवले.

पुढे ताई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण ऑपरेशनची घाई नाही. फक्त पांढरे थोडे पिवळट, मळके दिसू लागेल तेव्हा या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ताईने हे जेवताना घरात सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली असताना बारक्या खोलीत शिरला. आमच्या वाडग्यांत हात घालून त्याने दोघांचे बल्ब काढले. सकाळची वेळ, आम्ही थंडगार. त्या जागी त्याने दिसायला तेवढेच मोठे, पण दमाने निम्मे आणि उजेडाने पिवळट असे दोन बल्ब बसवले.

मित्रांनो, मला चोरीपेक्षा जास्त राग कशाचा आला माहीत आहे? त्याने माझ्याकडून खोटे बोलवून घेतले. रोज बटण दाबले की मी तो मळका उजेड पडद्यावर टाकायचो आणि ताई डोळे चोळायची.

"बारक्या, जरा बघ रे. पडदा तुला कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? पांढराशुभ्र!"

"मला मळका दिसतोय. पण गिऱ्हाइकाचा शर्ट तर पांढरा दिसतो."

"शर्ट जवळ आहे गं, पडदा लांब. लांबचं आधी जातं." आवाजात मध कालवून तो म्हणाला, "डॉक्टर म्हणालेच होते ना?"

गिऱ्हाइकांना फरक कळत नव्हता, की ताईला सांगायचे त्यांच्या जिवावर येत होते, कोण जाणे. ती मात्र प्रत्येक फोटो खिडकीशी नेऊन पाही आणि खाली ठेवी. एकदा कोपऱ्यावरची शिंपीणबाई आपल्या दोन्ही मुलींना नवे कपडे घालून घेऊन आली. ताईने त्यांना बसवले, आम्हाला लावले, पडद्याकडे पाहिले आणि आमचे बटण बंद केले.

"आज नको," ती म्हणाली. "मला नीट दिसत नाही. चांगलं होणार नाही, तर कशाला काढू?"

शिंपीणबाई म्हणाली, "अहो ताई, थोडं इकडचं तिकडे झालं तर काय बिघडतं?"

"माझं बिघडतं," ताई म्हणाली.

मुली हिरमुसल्या होऊन गेल्या. ताई रिकाम्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसली. संध्याकाळी तिने बारक्याला सांगितले, पुढच्या महिन्यापासून खोली तुझी. बारक्याने तोंड दुःखी केले आणि पोट मात्र हसून हलत राहिले. ते मला माझ्या जागेवरून स्वच्छ दिसले.

पण मित्रांनो, बारक्याला एक गोष्ट नडली. त्याला स्वतःचा फोटो हवा होता.

नव्या ऑफिसच्या पाटीवर त्याचा हसरा चेहरा असणार होता. पाटीवाल्याने बजावले होते, मागे शुद्ध पांढरे हवे. जरा मळके असले तर पाटीवर चेहऱ्याभोवती चौकोन उठून दिसेल. असा फोटो ताईशिवाय कुणाला जमणार नाही, हे बारक्याला चांगले ठाऊक होते. "शेवटचा फोटो माझा काढ ताई, तुझा हात लागू दे," असे म्हणत त्याने तिला तयार केले. आणि ती आंघोळीला गेल्यावर खरे बल्ब आणून त्याने आमच्यात परत बसवले. ताईला मळका पडदा चालेल, शिंपीणबाईच्या मुलींना चालेल, पण साहेबांच्या चेहऱ्यामागे नको!

ताईने बटण दाबले आणि माझ्या अंगात जुना जोर आला. पडदा असा लखलखला की ताई जागीच थांबली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"अरे, आज लख्ख दिसतोय."

"डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला दिलेले थेंब लागू पडले असतील," बारक्या म्हणाला.

ताई फोटो काढू लागली. बारक्याचे समाधान होईना. "हा नको, केस विस्कटलेत." "हा नको, हनुवटी दोन दिसतायत." "अजून एक काढ." तो प्रत्येक वेळी अजून एक म्हणे आणि मी अजून तापे. काढ बाबा, मी मनात म्हणत होतो, हवे तेवढे काढून घे. शेवटी तो म्हणाला, "मला आणखी पांढऱ्यात घे," आणि ताई नको नको म्हणत असताना स्वतःच खुर्ची ढकलत पडद्याला जाऊन चिकटला. ताईने तोही फोटो काढला. मग आम्हाला विझवून, फोटो मोठे करून बघायला ती आतल्या खोलीत गेली.

बारक्याला घाई होती. ती बाहेर यायच्या आत पिवळे बल्ब परत लावायचे होते. ते त्याने पँटच्या दोन्ही खिशांत कोंबून ठेवलेलेच होते. तो उठला आणि सरळ माझ्याकडे आला. खिळ्यावरचा हातमोजा त्याच्या डोळ्यांसमोर लटकत होता. पण तो कशासाठी असतो, हे त्याने कधी विचारलेच नव्हते. त्याने खिशातला पातळ रुमाल काढला, बोटांना गुंडाळला आणि माझ्या वाडग्यात हात घातला.

मित्रांनो, मी विझलेला होतो, पण निवलेला नव्हतो.

आरपार चटका बसला. बारक्या असा किंचाळला की रस्त्यावरचे दोघे थांबून खिडकीतून बघू लागले. त्याच्या हिसड्याने सुटून आलेला माझा बल्ब हातून निसटला आणि फरशीवर फुटला. ताई धावत बाहेर आली. समोर फुटलेला मोठा बल्ब, रुमालाला फुंकर मारणारा भाऊ आणि त्याच्या खिशातून डोकावणारे बल्बचे पितळी टोक. तिने त्याचा हात आधी पाण्याखाली धरला, मलम लावले. मग शांतपणे त्याच्या खिशातला बल्ब काढून घेतला, हातमोजा चढवला, तो पिवळा बल्ब माझ्यात बसवला आणि आम्हा दोघांचे बटण दाबले.

डावीकडे जोडीदाराचा खरा बल्ब होता. अर्धा पडदा पांढराशुभ्र आणि अर्धा मळका. तो खोटा उजेड मी पुन्हा एकदा टाकला, पण या वेळी मान ताठ करून.

ताईने एकदा ही बाजू पाहिली, एकदा ती.

"माझे डोळे मळके असते," ती म्हणाली, "तर दोन्हीकडे मळकं दिसलं असतं. नाही का रे?"

"ताई, मी आपलं तुझ्या भल्यासाठी..."

"मी त्या पोरींना परत पाठवलं, बारक्या. नव्या कपड्यांत आल्या होत्या." तिने आमचे बटण बंद केले. "जा. दुसरी जागा बघ."

दलालावरच जागा शोधत फिरायची पाळी आली! फिरफिर फिरला आणि अखेर मिळाला तो गाळा नेमका आमच्या खिडकीसमोर. पाटीसाठीचा फोटो ताईने कबूल केल्याप्रमाणे दिला, थेट पाटीवाल्याकडे. कोणता दिला असेल? तोच, शेवटचा. पाटीवर बारक्याचे डोके वरून पांढऱ्यात विरघळून गेले आहे, एकही केस शिल्लक नाही, आणि दोन्ही कान पेटल्यासारखे लाल आहेत. पाटीवाला तयार पाटी परत घेईना. त्यातला उजवा कान माझ्या उजेडाने रंगवला आहे, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो.

माझा बल्ब गेला तो गेलाच. तसले बल्ब आता कुठे मिळत नाहीत. ताईने शिंपीणबाईला निरोप पाठवून मुलींना परत बोलावले आणि जोडीदाराला खुर्चीच्या मागे, मुलींच्या आड बुटका उभा करून पडदा पांढरा केला. मला तिने खिडकीजवळ ठेवले आहे, रिकामा. असे विझून उभे राहायला मला आवडत नाही, ते मी कशाला लपवू? पण कोणी विचारले, पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील, तर मी पुन्हा तसाच तापेन.

मित्रांनो, घरातल्या दिव्यांची काळजी घ्या. त्यांच्यावर ओले कपडे टांगू नका. आणि ज्याच्या उजेडात कोणाचे पोट चालते आणि मानही राहतो, त्याच्या वाटेला तर जाऊच नका. तो बोलत नाही, पण विसरतही नाही.

ताई रोज सकाळी खिडकी उघडते, माझ्यावरची धूळ पुसते आणि समोरच्या पाटीकडे डोळे बारीक करून पाहते.

"दिसतायत रे अजून कान," ती मला म्हणते. "लख्ख दिसतायत. ज्या दिवशी दिसायचे थांबतील, त्या दिवशी ऑपरेशन करून घेईन."